छेदाविना दर्शन : नेत्रपरीक्षेतील प्रतिमा

शरीरातील बहुतेक अवयव वैद्याच्या दृष्टीआड असतात. यकृत हाताने चाचपावे लागते, हृदयाचे ठोके नळी लावून ऐकावे लागतात, आणि मेंदूची अवस्था तर रुग्णाच्या चालण्याबोलण्यावरून ताडावी लागते. डोळा मात्र या नियमाला अपवाद आहे. बाहुलीच्या काही मिलिमीटर रुंद झरोक्यातून योग्य साधनाने आत डोकावले, तर रक्त वाहून नेणाऱ्या बारीक धमन्या व शिरा, आणि थेट मेंदूकडे जाणाऱ्या दृक्‌तंत्रिकेचे टोक, ही दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात, जिवंत अवस्थेत पाहता येतात. शरीरात अन्यत्र कोठेही ही सोय नाही.

मूळ पुस्तक लिहिले गेले तेव्हा या झरोक्यातून पाहण्याची आजची साधने अस्तित्वात नव्हती. म्हणून मराठी आवृत्तीसाठी हे प्रकरण नव्याने जोडले आहे. या साधनांची ओळख करून घेताना वाचकांनी एक गोष्ट मनाशी धरावी. डोळ्याचे जे विकार कायमचे अंधत्व आणतात, त्यांपैकी काही अत्यंत मुके असतात. ते दुखत नाहीत, खुपत नाहीत, आणि बराच काळ दृष्टीही कमी करीत नाहीत. अशा विकारांत रुग्णाने तक्रार करावी आणि मग वैद्याने पाहावे, हा नेहमीचा क्रम चालत नाही. तो उलटा करावा लागतो. यंत्राने काढलेल्या चित्राचे खरे महत्त्व तेथे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. शरीराला छेद न देता व आत काही न खुपसता केलेल्या तपासणीसाठी 'अनाक्रमक' असा प्रतिशब्द सुचतो. परंतु तो वाचताच डोळ्यांपुढे इस्पितळाऐवजी सरहद्द उभी राहण्याचा संभव अधिक. म्हणून येथे 'छेदाविना' असेच साधे म्हटले आहे. 'स्कॅन'ला परिभाषेत 'क्रमवीक्षण' असा शब्द आहे आणि तो अर्थाने अगदी नेमका आहे, कारण यंत्र डोळ्याचा तळ एकदम पाहत नाही, शेतातील तासांप्रमाणे ओळीमागून ओळ पाहत जाते. तथापि इस्पितळाच्या खिडकीशी 'क्रमवीक्षण करावयाचे आहे' असे म्हणणारा मनुष्य अद्याप भेटावयाचा आहे. तेव्हा पुढे स्कॅन हाच शब्द योजला आहे.

आता मूळ अडचणीकडे वळू. बाहुली काळी का दिसते? भर दुपारच्या उन्हात अंगणात उभे राहून माजघराच्या लहान खिडकीतून आत पाहिले, तर काळोखाखेरीज काही दिसत नाही. आत वस्तू नसतात असे नव्हे. आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचेल असा प्रकाश त्यांच्यावरून परत येत नाही. डोळ्याच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. डोळ्यातील भिंगामुळे आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने दिव्याकडे परततो. तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याने आपले डोके दिव्याच्या जागी आणले पाहिजे. आणि डोके मध्ये आणले की दिवा झाकला जातो!

हा पेच हेर्मान फोन हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने सोडवला. तो त्या वेळी क्यॉनिग्झबर्ग येथे शरीरक्रियाविज्ञानाचा प्राध्यापक होता. त्याने दिवा बाजूला ठेवला, काचेच्या तिरप्या पट्ट्यांवरून त्याचा प्रकाश डोळ्यात सोडला, आणि त्याच काचांतून आरपार पाहिले. १८५१ मध्ये त्याने हे साधन प्रसिद्ध केले. गणकयंत्राच्या कल्पनेमुळे नाव झालेल्या चार्ल्‌स बॅबेजने १८४७ मध्येच असे एक साधन बनवून एका नेत्रवैद्यास दाखवले होते. परंतु त्या सद्गृहस्थांना त्यात विशेष काही दिसले नाही, आणि श्रेय हेल्महोल्ट्सकडे गेले. विज्ञानात साधन बनवणाऱ्याइतकेच ते ओळखणारेही लागतात.

नेत्रदर्शकातून काय दिसते? नारिंगी-तांबूस पार्श्वभूमीवर एक फिकट वर्तुळ दिसते. ते दृक्‌तंत्रिकेचे टोक. त्यातून रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या असतात. त्या वर्तुळापासून कानशिलाच्या बाजूला किंचित अंतरावर एक गडद, वाहिन्यांविरहित ठिपका असतो, तो पीतबिंदू. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, ते सर्व या ठिपक्याच्या बळावर. या साऱ्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात.

स्वतःचे दृष्टिपटल स्वतः पाहण्याचा एक प्रयत्न आपल्याकडेही झाला होता, याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात, तत्कालीन म्हैसूर राज्याची राजधानी असलेल्या बंगळूरमध्ये, दृष्टी या विषयाचा ध्यास घेतला होता. लख्ख उजळलेल्या पांढऱ्या पडद्याकडे रंगीत गाळणीतून पाहत राहावयाचे आणि गाळणी झटकन दूर करावयाची. मग पडद्यावर जी आकृती उमटल्यासारखी दिसते ती आपल्याच दृष्टिपटलाची, असे त्यांनी मांडले. १९६८ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. रंगदृष्टीविषयीचे त्यांचे निष्कर्ष इतर शास्त्रज्ञांनी फारसे स्वीकारले नाहीत. शिवाय अशी आकृती पाहणारा एकटाच असतो. ती दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि वर्षानंतर पुन्हा काढून पहिल्या आकृतीशी ताडूनही पाहता येत नाही.

नेत्रवैद्यांनाही पुष्कळ काळ हीच अडचण होती. आत जे दिसले ते स्मरणात ठेवून रंगीत पेन्सिलींनी कागदावर उतरवावे लागे. १८८६ मध्ये जॅकमन आणि वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले, तेव्हा रुग्णाला सुमारे अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला. डोळ्याच्या तळाचे चित्र घेणारा कॅमेरा १९२६ मध्ये बाजारात आला. आज हे काम एका लुकलुकीत होते. हनुवटी आधारावर टेकवावी, आत दिसणाऱ्या खुणेकडे पाहावे, प्रकाश चमकतो, आणि चित्र पडद्यावर उमटते.

या चित्रात मधुमेहाच्या खुणा कशा दिसतात ते पाहणे उद्‌बोधक आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्रथम त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल फुगवटे येतात. त्यांतून रक्त झिरपले तर लाल डाग पडतात. रक्तातील स्निग्ध द्रव्य साचले तर पिवळसर, मेणासारखे कण दिसतात. पुढे दृष्टिपटलाच्या काही भागांना रक्त कमी पडू लागते, आणि उणीव भरून काढण्यासाठी तेथे नव्या वाहिन्या फुटतात. निसर्गाची ही दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा वाईट ठरते. कारण नव्या वाहिन्या अतिशय ठिसूळ असतात, आणि एखाद्या दिवशी त्या फुटून डोळा आतून रक्ताने भरून जातो. पहिल्या फुगवट्यापासून येथवर काही वर्षे जातात. त्यांतील बराचसा काळ रुग्ण निर्धास्तपणे वर्तमानपत्र वाचत असतो.

प्रस्तुत लेखिकेचे मामा असेच वाचत होते. म्हैसूरला स्थायिक झालेले त्यांचे मराठी कुटुंब आहे. रेल्वेच्या कारखान्यात मापे घेण्यात त्यांची उमेद गेली होती, आणि आपल्या नजरेचा त्यांना मोठा अभिमान होता. मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली होती. दरवर्षी ते चष्म्याच्या एका दुकानात जाऊन नंबर तपासून घेत, आणि 'डोळे पाहून घेतले' असे घरी सांगत. त्या चौदा वर्षांत बाहुली विस्फारून आतला पडदा पाहावयास हवा, असे ना त्यांना कोणी सांगितले, ना त्यांनी कोणास विचारले. या प्रकरणाची टिपणे काढत असताना मी एकदा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, मला सगळं स्वच्छ दिसतंय. दिसत नसेल त्याने जावं डॉक्टरकडे."

मी म्हटले, "मामा, एक डोळा हाताने झाका आणि कॅलेंडर वाचा बरं."

डावा डोळा झाकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रेघा वाकड्या छापल्यात काय यांनी?" रेघा सरळच होत्या. उजव्या डोळ्याचे काम डावा डोळा किती महिन्यांपासून करीत होता, कोण जाणे. दोन डोळे असण्याची ही एक फसवी सोय आहे. म्हणून एकेक डोळा आळीपाळीने झाकून चौकटींचा कागद किंवा कॅलेंडर पाहण्याची सवय मधुमेही माणसाने अवश्य लावून घ्यावी. ती मोफत आहे. मात्र तपासणीची जागा ती घेत नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात बाहुली विस्फारण्याचे थेंब घातले गेले. (अशा थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही, सोबत कोणीतरी न्यावे व वाहन चालवू नये.) उजव्या डोळ्याच्या छायाचित्रात पीतबिंदूभोवती पिवळे कण कडे करून बसलेले दिसले. परंतु छायाचित्रावरून एका प्रश्नाचे उत्तर मिळेना. पीतबिंदूखाली पाणी साचले आहे काय, आणि असल्यास किती? तळ्याचे वरून घेतलेले छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी त्यावरून खोली कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी ओ.सी.टी. स्कॅन सांगितला. "एक्स-रे का?" असे मामांनी विचारले, आणि हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. हा एक्स-रे नव्हे. यात केवळ डोळ्याला जेमतेम दिसणारा, अवरक्ताच्या सीमेवरील मंद प्रकाश वापरतात. यंत्र डोळ्याला स्पर्शही करीत नाही.

खोली मोजण्याची एक रीत यापूर्वीच उपलब्ध होती, ती ध्वनीची. १९५६ मध्ये मुंट आणि ह्यूज यांनी डोळ्याच्या परीक्षेसाठी श्राव्यातीत ध्वनी प्रथम वापरला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी बाउम आणि ग्रीनवुड यांनी त्यापासून द्विमितीय चित्र मिळवले. मिटलेल्या पापणीवर थंडगार लेप लावून लहानशी कांडी टेकवतात. ती सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांचा ध्वनी आत सोडते आणि प्रतिध्वनी टिपते. मोतीबिंदू पिकून भिंग पांढरे झाले असेल किंवा डोळा रक्ताने भरला असेल, तर प्रकाश आत जाऊच शकत नाही. तेथे ध्वनीला पर्याय नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी मोजतात, तीही ध्वनीने किंवा प्रकाशाने. ही लांबी साधारण २४ मिलिमीटर असते, आणि मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर बसवलेल्या भिंगाचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. परंतु दृष्टिपटल जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे, आणि त्यात परंपरेने दहा थर गणले जातात. ते थर वेगळे पाहण्याइतकी ध्वनीची धार तीक्ष्ण नाही.

मग प्रकाशाचाच प्रतिध्वनी का घेऊ नये? अडचण वेगाची आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडण्यास त्याला सेकंदाच्या तीस लाख कोटी भागांपैकी एक भाग पुरतो. एवढा काळ मोजणारे घड्याळ कोठून आणावयाचे? यावरची तोड अशी की घड्याळ वापरावयाचेच नाही.

एका दिंडीतून दोन टाळकरी एकाच क्षणी निघाले, असे समजू. दोघे एकच ठेका वाजवीत आहेत, पण तो ठेका क्षणोक्षणी बदलत आहे. एक जण गावात जाऊन परत येतो, दुसरा ज्ञात अंतरावरील वडाला वळसा घालून येतो. त्यांच्या टाळांचे आवाज परत येऊन मिळाले तेव्हा ठेका तंतोतंत जुळला, तर दोघांची वाट सारख्याच लांबीची होती हे निश्चित. थोडेही अंतर कमीजास्त झाले असते तर नुसता गोंगाट ऐकू आला असता. ओ.सी.टी.मध्ये हेच घडते. अर्धपारदर्शक आरशाने एका प्रकाशाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात जातो, दुसरा ज्ञात अंतरावरील आरशाकडे. डोळ्यातील प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. त्यातील ज्याची वाट आरशाच्या वाटेएवढी असेल तोच दुसऱ्या भागाशी जुळून व्यतिकरण घडवतो. प्रकाश अनेक तरंगलांबींचे मिश्रण असल्यामुळे ही जुळणी एका अतिशय अरुंद टप्प्यातच होते. आरसा मागेपुढे सरकवीत गेले, की कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला ते कळते. मायकेलसन या भौतिकीविज्ञाने एकोणिसाव्या शतकात वापरलेल्या व्यतिकरणमापकाचेच हे नवे रूप होय.

१९९१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये यंत्र विक्रीस आले. आरंभीची यंत्रे सेकंदाला काही शे रेघा घेत. आताच्या यंत्रांत आरसा हलवावाच लागत नाही, परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट पृथक्करण करून सगळ्या खोल्या एकदम काढतात, आणि रेघांची संख्या हजारांनी वाढली आहे. मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा बारकावा त्यांत दिसतो. वर नाव घेतलेल्या तिघांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

चित्र कसे दिसते? अळूवडीचा उंडा सुरीने कापल्यावर थर जसे एकावर एक दिसतात, तसे दृष्टिपटलाचे थर दिसतात. येथे सुरी मात्र नाही. निरोगी डोळ्यात पीतबिंदूच्या मध्यभागी एक गुळगुळीत खळगी असते. मामांच्या उजव्या डोळ्यात खळगीच्या जागी टेकडी होती, आणि टेकडीच्या पोटात काळे पोकळ कप्पे. ते साचलेले पाणी. डाव्या डोळ्यात खळगी शाबूत होती, पण बाजूच्या भागात एक लहानसा काळा कप्पा दिसत होता. तो डोळा अजून काहीच तक्रार करीत नव्हता.

डॉक्टरांनी पडदा मामांकडे वळवून दोन्ही चित्रे दाखवली. कारखान्यात काढलेल्या आयुष्याचा उपयोग असा झाला की, आकृती समोर येताच ते सर्व समजले. "म्हणजे पत्रा फुगलाय," ते म्हणाले.

काचबिंदूत हेच यंत्र निराळे काम करते. तेथे दृक्‌तंत्रिकेचे तंतू हळूहळू झडतात. नजरेच्या कडा आत सरकू लागतात, परंतु मधली नजर शेवटपर्यंत टिकत असल्यामुळे रुग्णाला पत्ता लागत नाही. दृष्टिक्षेत्राच्या परीक्षेत दोष उघड होईपर्यंत तंतूंचा बराच मोठा हिस्सा गेलेला असू शकतो. तंतूंचा थर किती मायक्रॉन उरला आहे ते ओ.सी.टी. मोजते, आणि त्यामुळे काही वेळा आधीच सावध होता येते. झडलेले तंतू मात्र परत येत नाहीत. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी चाळिशीची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

अहवालातील रंगांविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. यंत्र तुमचे माप त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या मापांशी ताडते, आणि हिरवा, पिवळा वा लाल रंग देते. लाल रंग पाहून पुष्कळ लोक घाबरतात. लाल याचा अर्थ रोग असा नव्हे. 'असे माप निरोगी लोकांत क्वचित आढळते' एवढाच आहे. ज्यांना मोठा उणे नंबर आहे त्यांचा डोळा लांब असतो, आणि रोग नसतानाही त्यांच्या अहवालात लाल येऊ शकतो. उलट, अहवाल हिरवा असूनही रोग सुरू झालेला असू शकतो. माझ्या मते या यंत्राचा सर्वांत विश्वासू उपयोग माणसाची तुलना इतरांशी करण्यात नसून, त्याच माणसाच्या गेल्या वर्षीच्या चित्राशी करण्यात आहे. म्हणून जुने कागद टाकून देऊ नयेत. लग्नाची छायाचित्रे जपणाऱ्या घरांत डोळ्यांचे स्कॅन रद्दीत जातात, हे काही शहाणपणाचे नाही.

मधुमेहाच्या संदर्भात म्हैसूरचे नाव वैद्यकीय वाङ्मयात आधीपासून आहे. येथील होल्ड्सवर्थ मेमोरिअल रुग्णालयात, ज्याला गावातील लोक मिशन हॉस्पिटल म्हणतात, १९३४ पासूनच्या जन्मांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. वजन, लांबी, डोक्याचा घेर, सर्व तपशील. त्या वह्यांवरून संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात त्या बालकांना, म्हणजे आता प्रौढ झालेल्या स्त्रीपुरुषांना, शोधून काढले आणि तपासले. लांबीने आखूड पण त्या मानाने भरीव जन्मलेल्यांत, आणि ज्यांच्या आया वजनदार होत्या त्यांच्यात, मधुमेह अधिक आढळला. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेले काम याच प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणते. अशा वह्या नीट सांभाळणाऱ्या अज्ञात परिचारिकांचे ऋण विज्ञानाने मानावयास हवे. तात्पर्य, हा रोग म्हैसूर-पुण्यात उपरा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि २०१५ ते २०१९ या काळातील सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर विकाराच्या खुणा आढळल्या.

इतक्या डोळ्यांत डोकावण्यास नेत्रतज्ज्ञ पुरणार कसे? येथे चित्राचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. चित्र एकाने घ्यावे आणि दुसऱ्याने, दूर बसून, वाचावे. कर्नाटकात याचे उत्तम उदाहरण मोठ्यांच्या नव्हे, तर अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या बाबतीत घडले. अशा बालकांच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते, ती भलतीकडे वळून काही आठवड्यांत पडदा सुटू शकतो. म्हणून जन्मापासून तीस दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हावी लागते. बालक तर तक्रार करणे शक्यच नाही. बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये 'किड्रॉप' या नावाने उपक्रम सुरू केला. प्रशिक्षित तंत्रज्ञ रुंद क्षेत्राचा कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत जातात, चित्रे घेतात, त्यांची प्रतवारी करतात, आणि तज्ज्ञ ती दूरवर आपल्या पडद्यावर पाहतात. यात कॅमेऱ्याचे टोक बालकाच्या डोळ्याला, बधिरतेचे थेंब घालून, हलकेच टेकवावे लागते. पाहणाऱ्या आईच्या जिवाची घालमेल होते, पण छेद असा कोठेही होत नाही.

चित्र वाचण्याचे काम आता संगणकही शिकला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२८,१७५ चित्रांवरून संगणकाला मधुमेही विकार ओळखण्यास शिकवले गेले. त्यांतील काही चित्रे भारतीय रुग्णालयांतून गेली होती. त्याची अचूकता तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. मात्र त्याला जे शिकवले तेवढेच तो ओळखतो. मधुमेह शोधणाऱ्या संगणकाने 'ठीक' म्हटले, म्हणून काचबिंदूही नाही असा अर्थ कोणी काढू नये. आणि संगणकाने 'तज्ज्ञाकडे पाठवा' म्हटल्यावर त्या मनुष्याला तज्ज्ञापर्यंत नेण्यास एस.टी.चे भाडे, एका दिवसाची मजुरी आणि सोबत लागतेच. ती व्यवस्था नसेल तर चित्र घेऊन काही साधत नाही.

प्रौढांच्या मधुमेहाचे निदान होईल त्याच वेळी, आणि नंतर दरवर्षी, दृष्टिपटलाची तपासणी व्हावी असा वैद्यांचा दंडक आहे. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच ती करून घ्यावी, कारण गरोदरपणात विकार वेगाने वाढू शकतो. चष्म्याचा नंबर काढणे ही निराळी गोष्ट आहे, हे पुन्हा सांगितल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

मामांच्या उजव्या डोळ्यात औषधाची इंजेक्शने द्यावी लागली, एकूण सात. प्रत्येक वेळी आधी स्कॅन होई, आणि टेकडी किती उतरली ते मायक्रॉनमध्ये सांगितले जाई. मामा तो आकडा खिशातल्या वहीत तारखेसह टिपून ठेवीत. टेकडी शेवटी उतरली, खळगी पुन्हा दिसू लागली. परंतु पाण्याखाली फार काळ राहिलेल्या पेशींपैकी काही कायमच्या गेल्या होत्या. त्या डोळ्याने ते आता मथळे वाचतात, खालचा मजकूर नाही. डाव्या डोळ्याला अद्याप इंजेक्शनाची गरज पडलेली नाही. साखर आटोक्यात आहे, आणि दर चार महिन्यांनी होणाऱ्या स्कॅनमधील तो लहानसा काळा कप्पा आहे तेवढाच आहे. वहीत डाव्या डोळ्यासाठी त्यांनी वेगळे पान केले आहे. परवा त्यांनी ते मला दाखवले. अक्षर बारीक होते, ओळी सरळ होत्या.